जावेचं दुखणं

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात एकही बाई कधी आजारी पडत नसे. आजारी पडायची ती तिची जाऊ.

चुडाव्याच्या स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभरावरचं ते गाव. मी सेलूची, नर्सिंगचं शिक्षण संपवून नुकतीच उपकेंद्रावर रुजू झालेली, नाकावर राग घेऊन फिरणारी मुलगी. उपकेंद्र म्हणजे महादेवाच्या देवळामागची एक खोली. मधे पडदा, पडद्याच्या अलीकडे बाक, पलीकडे तपासणीचं लोखंडी टेबल. दर मंगळवारी बायकांची तपासणी असायची. पहिल्याच मंगळवारी बाकावर बायका मावेनात, तेव्हा मला वाटलं, जिंकलं आपण! पहिली बाई आत आली, पदर दातात धरला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "बाई, माह्या जावंच्या अंगावरून पांढरं जायलंय."

"मग जाऊ कुठंय?"

"रानात गेली."

दुसरीच्या जावेची कंबर धरली होती. तिसरीच्या जावेला पाळी महिन्यातून दोनदा यायची. साऱ्यांच्या जावा रानात, आणि या मात्र ठणठणीत. मी एकीला दम भरला, जावेला घेऊन ये, नाहीतर गोळी मिळायची नाही. ती बिचारी खरंच घेऊन आली. दोघी शेजारीशेजारी बसल्या. मी जावेला विचारलं, काय होतंय? तर तिनं हिच्याकडे बोट केलं, "मला कशाचं काय? हिलाच हाय." आणि ही म्हणते, "मला न्हाई, हिला!" दुखणं एक, बायका दोन, आणि घेणारी कुणीच नाही. मी डोक्याला हात लावला.

एक तर एकुलत्या एका मुलाची बायको होती. तिला जाऊ असणंच शक्य नव्हतं. "तुझी जाऊ आली कुठून?" असं विचारल्यावर क्षणभर विचार करून म्हणाली, "चुलत हाय." चुलतही नव्हती. बाकावरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि त्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं. आपल्या अंगाबद्दल आपल्या तोंडानं बोलायचं नाही, ही तिथली रीत. सासूच्या कानावर गेलंच तर म्हणता येतं, मी तर जावेचं सांगत होते. जाऊही हो म्हणून मोकळी होते, कारण उद्या तिचंही असंच कुणीतरी सांगायचं असतं. सोय मोठी नामी होती, फक्त माझ्या टेबलाला पेशंट मिळत नव्हता. चार मंगळवार मी चिडून काढले. मग चिडण्याचाही कंटाळा आला आणि मी नियम काढला: जी बोलेल ती टेबलावर!

नियम असा काही लागू पडला म्हणता! बायकांना खेळच मिळाला. आतलीनं "माह्या जावंला" म्हणायचा अवकाश, बाकावरच्या दोघीतिघी पडदा सारून आत यायच्या आणि तिला धरून टेबलावर चढवायच्या. ती "सोडा गं, मेल्यांनो" म्हणत हसत हसत आडवी व्हायची. त्यांना बाहेर हाकलून मी तपासायची, गोळ्या द्यायची आणि बजावायची, "जावेला सांग, रोज एक घे." ती तितक्याच गंभीरपणे "सांगते" म्हणायची. मंगळवारी एवढा दंगा असायचा की देवळातले गुरव एकदा डोकावून विचारून गेले, कुणाचं लगीन हाय का? मी तिथं इतकी हसले आहे की त्या पगारात ते हसणं फुकटच मिळालं म्हणायचं.

आता त्या दोघींचं सांगते. गावात किराणा दुकानाचं एक घर होतं. महादेवाची भक्ती मोठी, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घरात कुणी तोंडात पाणी घेत नसे. त्या घरात दोन सुना. थोरलीला एक मुलगा. धाकटीच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण कूस उजवली नव्हती. एका मंगळवारी धाकटी आत आली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, माह्या जावंला दिवस ऱ्हाईनात."

मी तिला टेबलावर घेतलं, तपासलं. परभणीला जाऊन पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, नवऱ्यालाही आणावं लागेल, असं समजावलं. ती मान हलवून गेली. घोटाळा एवढाच होता की तिची जाऊ त्या वेळी पाच महिन्यांची गरोदर होती, आणि पडद्याला कान नसले तरी बाकाला होते.

दिवस मावळायच्या आत बातमी थोरलीला पोचली. स्वतः दोनदा येऊन जावेच्या नावानं आपली कंबर तपासून गेलेली ही बाई, पण पोटुशी बाई ती पोटुशी! "भरल्या पोटावर असं बोलली? नजर लावली माह्या लेकराला!" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. एका चुलीपुढं बसून दोघी भांड्यांशी बोलायच्या. थोरली तव्याला सांगायची, "भाकर करपायलीय म्हणावं," आणि धाकटी परातीला उत्तर द्यायची. गावाला करमणूक झाली. मला मात्र घोर लागला, कारण थोरलीनं मंगळवार सोडला. मी दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा सासूबाईंनी ओसरीवरूनच वाटेला लावलं, "लई बेस हाय ती."

थोरलीला आठवा लागला होता. त्या मंगळवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एकही एसटी आली नव्हती, पण बाक भरलेला होता. धाकटी अनवाणी धावत आली आणि रांग मोडून आत घुसली. "बाई, जावंचं डोकं लय दुखायलंय. पाय सुजलेत. डोळ्यापुढं काजवे यायलेत म्हनं!"

बाकावर हास्याचा स्फोट झाला. जिच्याशी ही महिनोन्महिने बोलत नाही, तिच्यासाठी अनवाणी पळत येईल? हिचंच असणार! चौघींनी तिला उचललं आणि टेबलावर आडवं केलं. मीही हसतच दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब उत्तम. पायावर अंगठा दाबला, सूज कुठेच नाही. "तुझ्या जावेला काही धाड भरलेली नाही बघ," मी म्हणाले.

ती टेबलावर उठून बसली आणि ओरडली, "माझी जाऊच हाय वो! खरीखुरी जाऊ! नियम तुमचा चुलीत घाला, आन् चला!"

माझं हसू जागच्या जागी थांबलं. गरोदरपणात डोकेदुखी, सूज आणि डोळ्यापुढं काजवे, हे तिन्ही एकत्र आले तर पुढं काय होतं, ते मी शिकले होते. झटके येतात, आणि आई नि मूल दोघंही हातचे जातात. मी पट्टा उचलून पळाले, मागे धाकटी, तिच्या मागे अख्खा बाक.

थोरली भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजून पुरीसारखा झालेला. मला बघून म्हणते काय, "मला काय न्हाई, बाई. तिलाच तपासा." माझ्या जिवाचं पाणी झालेलं, तरी मला हसू फुटलं! पट्टा बांधला तर पारा वर चढला तो खाली यायलाच तयार नाही. सासूबाई सुरू झाल्या, "आठव्यात पाय सुजायचेच." मी अशी कडाडले की सासरे दुकानातून पळत आले आणि एक शब्द न विचारता त्यांनी गाडी जुंपली. गाडीत गादी टाकून थोरलीला डाव्या कुशीवर निजवलं. धाकटी कुणी न सांगताच चढून बसली. चुडाव्याला आम्हाला परभणीकडे जाणारी पॅसेंजर मिळाली, ती उशिरा आली म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मी रेल्वेला शिव्या दिल्या नाहीत.

डब्यात दोघी बोलायला लागल्या, पण माझ्यामार्फत.

"बाई, तिला म्हनावं डोळे मिटून पड."

"बाई, तिला म्हनावं मला कळतंय."

"तिला म्हनावं पानी पी."

"तिला म्हनावं, आधी ह्या बाईला दे. पळून दमलीय ती."

मला भीती वाटत होती आणि पोटातून हसूही येत होतं. पूर्णेला गाडी थांबून राहिली तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. वळून बघते, तर धाकटीनं थोरलीचे पाय मांडीवर घेतले होते.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थोरलीला विचारलं, कधीपासून त्रास होतोय? तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "जावंला इचारा." आणि जावेनं सगळं सांगितलं. पायात चप्पल कधी मावेनाशी झाली, बांगड्या कधी रुतायला लागल्या, जेवण कधीपासून तुटलं, उजेड कधी सोसेना. तोंडातून शब्द न काढता तिनं सगळं बघून ठेवलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, वेळेत आणलंत. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि ओंजळीएवढी मुलगी जन्माला आली. एवढीशी, पण काय रडायची! आधी धाकटीच्याच हातात दिली तिला.

मूल तीन महिन्यांचं झाल्यावर थोरली मंगळवारी आली. कडेवर मुलगी, आणि दारापाशी धाकटी, आत यायला बिचकत उभी. बाक खच्चून भरलेला. थोरली पडद्यातून आत आली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, माह्या जावंला दिवस ऱ्हाईनात. काय करायचं सांगा."

बाई बोलली होती, आणि नियम म्हणजे नियम! चौघीजणी धावल्या. मुलगी धाकटीच्या हातात गेली आणि थोरली टेबलावर. "अगं मला न्हाई, मेल्यांनो! दोन लेकरं हायेत मला! खरंच जावंला!" ती ओरडतेय, बायका खिदळतायत, मुलगीही रडायला लागलेली. हसून हसून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

"तिला उतरवा," धाकटी म्हणाली. पडद्याच्या आत आली आणि पुन्हा म्हणाली, "तिला उतरवा. मला हाय ते. मला दिवस ऱ्हाईनात."

थोरलीला धरलेले हात सुटले. इतक्या मंगळवारांत त्या खोलीत कुणाच्या तोंडून "मला" निघालं नव्हतं. थोरली खाली उतरली, पदरानं टेबल पुसलं आणि मुलीला घ्यायला हात पुढे केले. धाकटीनं मुलगी तिला दिली आणि स्वतःच टेबलावर चढली.