हार घातलेले सभासद

सूर्याला दगडी खांबाला बांधून ठेवता येतं, असं भर वर्गात ठामपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे इंका सर. केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात ते इतिहास शिकवत. धडा निजामाच्या राज्याचा असो की आणखी कशाचा, दहाव्या मिनिटाला सर दक्षिण अमेरिकेच्या डोंगरात पोचलेले असत. तिथे म्हणे इंका नावाचे लोक राहायचे. सूर्य हा त्यांचा देव. हिवाळ्यात दिवस लहान होत चालला की देव निघूनच जाईल या धास्तीने पुजारी त्याला मंत्राने खांबाला बांधायचे. सरांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला, तेव्हा किसन आबांनी सरांना पारावर गाठलं. "सर, त्यांनी सूर्य बांधला ते कळलं. पर सोडला कवा?"

सर तडक घरी गेले. दोन दिवस पुस्तकं उलथीपालथी करून त्यांनी प्रामाणिकपणे येऊन सांगितलं, "आबा, सोडल्याचा उल्लेख कुठं सापडत नाही."

"तरीच!" आबा म्हणाले. "ते बांधून इसरले, अन् आमी हितं होरपळतोय."

सरांचं घर बौद्ध. देवाधर्माच्या वर्गणीला ते हात जोडून नकार देत. मी तोवर गावच्या सोसायटीचा सचिव झालो होतो; एकदा धीर करून त्यांना विचारलं, "तुमी तर देव मानत न्हाई सर. मंग ह्या इंकांचं एवढं कौतुक कावून?"

"देव नाही बे, मला त्यांची माणसं आवडतात," सर म्हणाले. "ते मेलेल्याला टाकून देत नव्हते. राजा मेला की त्याला सुकवून जपायचे, सणाला नवे कपडे घालून चौकात आणून बसवायचे, मक्याची दारू पाजायचे. कुणी काही विचारलं, तर त्याच्या वतीनं बाजूचा माणूस उत्तर द्यायचा." मला हा शुद्ध वेडेपणा वाटला, आणि तसं मी तोंडावर बोललोही.

त्याच दुष्काळात निम्मं गाव ऊस तोडायला गेलं. मागे म्हातारी माणसं आणि जनावरं राहिली. मागे राहिलेल्या गयाबाईची म्हैस चाऱ्यावाचून युसूफ वडगावच्या बाजाराला काढायची वेळ आली होती. सोसायटीचं गोदाम तर नुसतं कुलूप लावून पडलेलं; आत चेअरमनचे पाइप ठेवलेले. तिथे चारा डेपो काढावा, म्हणून सरांनी सह्या गोळा करून खास सभा मागितली. चेअरमन निवांत होते. मागणीवरून बोलावलेल्या सभेला गणपूर्ती झाली नाही की ती रद्दच होते, आणि ती होण्याची सोय नव्हती. जिवंत सभासद उसाच्या फडावर, आणि बाकीचे बरेचसे कधीच वारलेले. त्यांची नावं यादीतून कमी करण्याचा आळस माझाच.

सभेच्या सकाळी मी पोचलो, तर पुढच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. खुर्चीगणिक एक फोटो आणि फोटोला हार. गयाबाई नवऱ्याला घेऊन आली होती. "ह्यांना म्होरं बसवा, लई कमी ऐकू येतं," ती म्हणाली. चहा आला तेव्हा तिने पोराला दटावलं, "बिनसाखरेचा ठिव त्यांच्यापुढं. शुगर हाय त्यांना."

"हे काय बे सचिव?" चेअरमन माझ्यावर ओरडले. "मेलेली माणसं हजर कशी?"

सर शांतपणे उठले. "चेअरमनसाहेब, गेल्या निवडणुकीला ही सगळी मंडळी मतदान करून गेली. अंगठे आहेत त्यांचे. तेव्हा तर चालत आली होती, आज नुसतं बसायचंय."

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी सभाच हसायला लागली. चेअरमननी माझ्याकडे पाहिलं, मी गयाबाईच्या नवऱ्याकडे पाहिलं. "मोजा, मोजा," चेअरमन कपाळ पुसत म्हणाले. मी मोजलं. दोन जास्तच भरले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि गयाबाईची म्हैस दावणीलाच राहिली.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी यादी साफ केली. दाखले लावून सगळ्या मयतांची नावं कमी केली, फक्त सरांचं राहिलं. नियम मला पाठ आहे, पण त्या ओळीवर पेन टेकवत नाही. वार्षिक सभेला त्यांचा मुलगा फोटो आणून पुढच्या खुर्चीवर ठेवतो. मी नाव पुकारलं की गयाबाई मागून ओरडायची, "हाजर हाय!"

यंदा गयाबाईही नव्हती. मी सरांचं नाव पुकारलं आणि सवयीने थांबलो. सगळे फोटोकडे बघत राहिले. शेवटी मीच खाकरलो आणि सरांच्या वतीने म्हणालो, "हजर."