घडी कुणावर घ्यायची

जबलपूरजवळ खमरियातल्या क्वार्टरच्या फाटकात शेजारच्या तिवारीजींनी माझा फोटो काढला, तेव्हा बाबांनी स्कूटर सुरू करून ठेवली होती. पुण्यात वर्तमानपत्रात नोकरी लागली होती. पायाशी सुटकेस, खांद्याला पिशवी. आई बाहेर आली नाही. "दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल," ती आतूनच म्हणाली. बाबा म्हणाले, "चलो, टाइम झाला." मी निघालो.

दुधासाठी आई फाटकापर्यंत आली नाही, हे मी बरीच वर्षं लक्षात ठेवलं.

पुण्यात मी वर्तमानपत्राची पानं लावायला शिकलो. माझं "करून राहिलो" ऐकून डेस्कवरचे सहकारी सुरुवातीला हसत. आता मी तसं बोलत नाही. आईचा फोन आला की मात्र ते आपोआप तोंडात येतं. डेस्कवर फोटोचा एक नियम होता: चेहरा मोठा घ्या, बाकीचं छाटा. वीस वर्षांत तो हातात मुरला.

यंदा बाबा कारखान्यातून निवृत्त झाले. कारखान्याचं क्वार्टर सोडायचं ठरलं. धाकट्या बहिणीनं, मंजूनं, जबलपुरातच नेपियर टाउनात दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं पाहिला. आई फोनवर कमी बोलू लागली. घर सोडताना तिच्या हातात काहीतरी असावं म्हणून मी फोटोबुक करायला घेतलं. मंजूनं जुने फोटो स्कॅन करून पाठवले. दोन सुट्ट्यांत अठ्ठेचाळीस पानं लागली. छपाईला देण्याआधी पीडीएफ पाठवली.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. मंजूच्या लॅपटॉपवर आईनं सगळी पानं पाहिली होती.

"आमची तोंडं तर आम्ही रोज आरशात पाहून राहिलो," ती म्हणाली. "घर काहून कापलं रे?"

मागून बाबा म्हणाले, "माझा पेरूपण उडवला यानं."

"भैया, पासपोर्ट फोटोचा अल्बम झालाय हा," मंजू म्हणाली.

मी पानं पुन्हा उघडली. आईचं म्हणणं खरं होतं. तिनं शिवलेले पडदे, आमची उंची पेन्सिलीनं मांडलेली दाराची चौकट, अंगणातला पेरू, एकाही पानावर काही नव्हतं. अठ्ठेचाळीस पानांत नुसते चेहरे होते.

सॉफ्टवेअरमध्ये छाटलेला फोटो खरं तर कापला जात नाही. फ्रेमबाहेरचा भाग फक्त झाकलेला असतो. कडा धरून ओढली की तो परत दिसतो. मी एकेक फ्रेम ओढत गेलो. पेरू आला, पडदे आले, दाराची चौकट आली.

शेवटी फाटकातला फोटो उघडला. त्यात मी फक्त मला ठेवलं होतं. डावी कडा ओढली, तशी भिंत दिसली, मग स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीच्या जाळीमागे आई उभी होती. दोन्ही हातांनी गज धरलेले.

तो फोटो मी दोन पानांवर पसरून लावला. असा फोटो लावला की बांधणीची घडी कुठेतरी येतेच, आणि तिथला भाग आत दबतो. पहिल्यांदा ती खिडकीवर येत होती. मी फोटो डावीकडे सरकवला. घडी माझ्यावर आली.

क्वार्टरची किल्ली परत करायच्या दोन दिवस आधी पुस्तक जबलपूरला पोचलं. किल्ली आता दुसऱ्या कुणाकडे आहे. घरी जातो म्हणजे मी नेपियर टाउनात जातो आणि तिथे टीव्हीशेजारी ठेवलेलं ते पुस्तक उघडतो.

पुस्तक मिळालं त्या दिवशी आईचा फोन आला होता.

"अच्छं झालंय. पण शेवटच्या पानावर तू मधातच चिमटला आहेस."

"असू दे. खिडकी दिसते ना?"

"दिसते." मग ती म्हणाली, "गॅस तर मी तेव्हाच बंद केला होता रे."