चुन्यावर टेकलेलं बोट

हे मी घरात कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि बस्त्यावलाही ओळखत नाही.

मी भाईंदरच्या खारी गावचा. आमची मिठागरं आहेत, थोडी भातशेती आहे, आणि एका छपराखाली अकरा माणसं. आकडेमोड माझ्याकडे. मिठाचं वजन, मजुरी, भाव — घरात माझ्याशी कुणी बोललंच तर एवढ्यापुरतं. त्यात वाईट काय? काही नाही. पण भरल्या घरात माणूस एकटा असू शकतो, हे मला चाळिशीत कळलं. तेही सोबत मिळाल्यावर.

बस्त्याव उत्तनजवळच्या चौक गावचा, ख्रिस्ती कोळी. होडी भावांच्या हवाली करून तो भाईंदरला आला होता. मिठागरांवर पाणी ओढणारी इंजिनं दुरुस्त करायचा. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या वर्षांत त्याने आमच्या मिठाच्या रिकाम्या कोठीत विमान बांधलं. हो, विमान. एका माणसाचं. लाकडी पट्ट्या, त्यांवर ताणलेलं कापड, मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं मोटारसायकलचं इंजिन. मिठागरावरची माणसं येता-जाता विचारायची, "काय बस्त्याव, कोंबडी अंडं कवा घालणार?" तो म्हणायचा, "आदी उडू तर दे."

मी रोज संध्याकाळी कोठीत जायचो. पंखांचं वजन इतकं, त्याचं स्वतःचं इतकं, टाकीतलं पेट्रोल इतकं — तर तोल कुठे पडेल? तो विचारायचा, आणि मी उत्तर देईपर्यंत हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहायचा. माझ्या उत्तरासाठी असं कोण थांबलं होतं तोवर? बायको हसून विचारायची, त्या कोठीत सोनं पुरलंय का.

सगळं जमलं, टाकी जमेना. ती पत्र्याची होती, सांधे वितळलेल्या कथलाचा डाख देऊन जोडलेले. बसवायची इंजिनाच्या वर. म्हणजे थेंब गळला तर तापलेल्या इंजिनावर, आणि मग वरच्या माणसाचं काय होणार ते सांगायला नको. आमची खारी हवा पत्रा खाते, इंजिनाची थरथर सांधे उकलते. बस्त्यावने ठरवलं होतं, टाकी कोरडी ठरल्याशिवाय उडायचं नाही. तपासायची त्याची रीत सोपी होती. सांध्यांना बाहेरून चुन्याचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, आणि टाकीत रॉकेल भरून दिवसभर ठेवायचं. फट असली की पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उमटतो. पहिल्यांदा दोन डाग उमटले. ते खरे होते. त्याने डाख खरवडला, कथील धरावं म्हणून नवसागर लावला, पुन्हा कथील ओतलं.

आता — इथे मी थांबतो आहे, माझ्या लक्षात येतंय. मुंबईच्या एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यात गोरा साहेब होता. तो कायमचा विलायतेला निघाला होता. जाण्याआधीच्या रविवारी येऊन बघतो, विमान जमिनीवरून उचललं तर तुला कारखान्यात घ्यायला सांगून जातो, असा त्याने बस्त्यावला शब्द दिला होता. रविवारपर्यंत टाकी कोरडी हवी होती. पुढे पाऊस येणार, जिथून उडायचं त्या खाजणात पाणी भरणार. आणि बस्त्याव मुंबईला गेला, की माझ्या संध्याकाळी कुठे जाणार होत्या?

कोठीची किल्ली माझ्याकडे असायची. सोमवारी तो येण्याआधी मी कुलूप काढून आत गेलो. चुना सगळीकडे पांढरा होता. कोरडा. मी टाकीभोवती दोनदा फिरून बघितलं. टाकी झाली होती. मग मी रॉकेलच्या डब्यात बोट बुडवलं आणि एका सांध्यावर टेकलं.

एवढंच. एक बोट.

तो आला, डाग बघितला, चांगला सांधा खरवडू लागला. मी कंदील धरला. बुधवारी मी तेच केलं. शुक्रवारीही. दर वेळी जागा वेगळी निवडली, पटेल अशी — कोपरा, नळीचं तोंड, खालची शिवण. मी काटेकोर माणूस आहे. शुक्रवारी त्याने डाख द्यायची सळई खाली ठेवली आणि आपल्या हातांकडे बघत बसला. म्हणाला, "हातच गेला माझा, भाऊ." तेव्हा मी सांगू शकलो असतो. साहेबाला यायला अजून दोन दिवस होते. मी त्याला चहा ओतून दिला.

शनिवारी तो मुंबईला जाऊन साहेबाला सांगून आला, येऊ नका, तयार न्हाय. साहेब बोटीत बसून गेला. पाऊस आला, मग लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं. पण बस्त्याव त्याच्या आधीच कोठीत यायचा थांबला होता. ज्याच्यासाठी मी ते केलं, ते आठवडाभरसुद्धा टिकलं नाही.

इंजिन त्याने विकलं. टाकी मला दिली. "पाण्याला चालंल," म्हणाला. "तेल नको भरू."

दोन वर्षांनी चौकला गेलो होतो. तो भावांबरोबर बोंबील वाळत घालत होता. मी मुद्दाम एक गळकी बादली नेली होती. का नेली? त्याने डाख द्यावा म्हणून, बहुतेक. मग मला झोप लागली असती. त्याने बादली उलटी-पालटी करून बघितली आणि परत दिली.

"माझा डाख टिकत न्हाय, भाऊ. दुसरीकडं दे."

मी बादली घेऊन परत आलो. तिथे उभ्या उभ्या तीन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. बोललो नाही. तो अजून चौकलाच आहे.

लढाईत रॉकेल मापून मिळू लागलं, तेव्हा मी ती टाकी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून रॉकेलने भरली. अजून तिथेच आहे. धाकट्या भावाची बायको लग्न होऊन आली, तिने एकदा टाकीखाली हात फिरवून बघितला.

"दादा, कुणी केली ही? थेंब गळत नाही."

मी म्हणालो, "जुनी आहे."