मोकळ्या आकाशातला सूर

एक बारीक, एकसुरी गुणगुण. आणि मग ती एकाएकी उंचावते, जणू रिकाम्या घरात आपली चाहूल कुणाला तरी लागावी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऐकलेला तो आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

माझा थोरला भाऊ, अण्णा, बेंगळुरूतल्या एका कार्यशाळेत पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या लेझर बंदुका तपासून द्यायचा. दुर्बिणीतला लाल ठिपका आणि बंदुकीतून निघणारा अदृश्य किरण एकाच जागी पडतात ना, एवढेच पाहायचे; नाहीतर भलत्याच गाडीचा वेग मोजला जातो. त्यासाठी तो होसकोटेच्या तळ्याकाठी, तारा काढून नेलेल्या एका एकाकी खांबापाशी जाई. ठिपका आडवा सरकवत खांबावर आणायचा. किरण खांबाला भिडला की बंदुकीच्या गुणगुणीचा सूर चढतो. दोन्ही एकाच क्षणी घडले, की अण्णा हलकेच कानडीत म्हणे, "सरी," म्हणजे बरोबर. खांबामागे मात्र मोकळे आकाशच हवे. मागे भिंत असली, तर चुकलेल्या किरणालाही ती परत पाठवते आणि सूर खोटी साक्ष देतो.

आयुष्याच्या शेवटच्या महिन्यात आजारी अण्णाला तो प्रवास झेपेना. एक बंदूक त्याने आमच्या गल्लीतल्या खांबावरच तपासली, मागे शेजाऱ्यांची भिंत असताना, आणि दाखल्यावर सही केली. त्याच बंदुकीने पोलिसांनी मारुतीराव टेम्पोवाल्याला ऐंशीच्या वेगासाठी पकडले. परवाना रद्द होण्याची वेळ आली. त्याच्या तक्रारीवरून बंदूक फेरतपासणीला अण्णाकडे परतली, आणि तिला हात लावण्याआधीच अण्णा गेला.

तेराव्यानंतर मारुतीराव दारात उभा राहिला. "अक्का, माझी गाडी उतारावरही चाळीसच्या पुढे जात नाही. ऐंशीनं पळाली असती तर मीच तिला हार घातला असता." मग ओशाळून म्हणाला, "अण्णांना नाव ठेवत नाही मी. स्वल्प, जरा बघता का एकदा?"

बंदूक जुन्या दाखल्यासह परत पाठवली असती, तर मृताच्या सहीवर कोण शंका घेणार होते? पण दुसऱ्या सकाळी मी त्याच्याच टेम्पोत बसले. सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते.

अण्णाची वही धरून मी त्या खांबासमोर कितीदा तरी उभी राहिले होते. रीत हातांना ठाऊक होती. डोळा दुर्बिणीला लावला. निश्चल पाणी, फिकट आकाश. ठिपका अजून खांबाच्या बराच डावीकडे, निव्वळ आकाशावर होता, आणि सूर चढला.

तिथे काहीही नव्हते. ज्याला मी पाहू शकत नाही, पण प्रकाश ज्याला स्पर्श करू शकतो, असे कुणी त्या पोकळीत उभे होते का? शोकाला तर्क कुठला सुचतो? मी ठिपका तिथेच धरून ठेवला, गरजेपेक्षा फार अधिक वेळ. अखेर तो खांबावर आणला. सूर खाली उतरला. म्हणजे ठिपका आकाशावर असताना भरकटलेला किरण खांबावर पडत होता.

"काय झालं, अक्का?"

"सरी नाही," मी म्हणाले.

अण्णाची तपासणी कुठे आणि कशी झाली, ते मी कार्यशाळेला सविस्तर लिहून कळवले. कागदावर त्याच्या सहीखाली माझी सही आली. बंदूक बाद झाली, मारुतीरावाचा परवाना वाचला. भावाच्या शेवटच्या कामाला खोटे ठरवणारा हात माझाच होता, याचे मला अजून नवल वाटते.

आकाशातला तो सूर खांबाचाच होता, हे मीच लिहून दिले आहे. तरीही संध्याकाळी घर निःशब्द झाले की मी खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत बसते, आणि गुणगुण कुठे चढते का, ते ऐकत राहते.