बुचाची कड

पांडू शाळेच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी दुसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. पांडू आमच्या बोनकोडे गावचा, माझ्या भावाबरोबर कारखान्यात कामाला. पाळी सोडून तो पनवेलपर्यंत आला म्हणजे काय झालं असेल, ते त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. "बाय, चल. दादूसला टँकर लागला," एवढंच तो म्हणाला. दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ हिराजी. आमच्याकडे थोरल्या भावाला दादूसच म्हणतात. एसटीत बसल्यावर त्याने सांगितलं, कारखान्याच्या आवारात टँकर मागे येत होता, दादूस जागीच गेला. मी विचारलं, हॉर्न नव्हता दिला का? "दिला. लय दिला. आमी पन वरडलो." मग खाली बघत म्हणाला, "त्याच्या कानान बुचं व्हती ना..." हे वाक्य त्या दिवसापासून मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता कुणी भेटायला आलं तरी मला त्याचीच धास्ती वाटते.

दादूसच्या कानांबद्दल लिहायचं तर खाडीपासून सुरुवात करावी लागेल. आमचे वडील लवकर गेले आणि होडी दादूसकडे आली. भरती चढायला लागली की तो खाडीच्या मधोमध होडी थांबवायचा, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा आणि दांड्याचं टोक उजव्या कानाला लावून डोळे मिटून बसायचा. ढोमी आणि शिंगाळी हे मासे पाण्याखाली आवाज करतात. लाकडातून तो वर येतो. पुष्कळजण असं ऐकत, पण दादूसला थवा कुठल्या अंगाला आहे हेसुद्धा कळे. लहानपणी मी हट्ट करून त्याच्याबरोबर जायची. मला नुसतं गुळगुळ ऐकू यायचं. तो म्हणायचा, "बाय, जरा गप रव. ढोमी बोलतान." आणि खरंच, जाळं टाकलं की टोपली भरायची. त्याच ढोमीवर माझी शाळा झाली, ट्रेनिंग कॉलेज झालं आणि मी मास्तरीण झाले. कौतुक म्हणून नाही सांगत, हिशेब समजावा म्हणून सांगते. माझी अक्षरं त्याच्या कानातून आली.

साठ साल उलटलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याकडेला कारखाने आले. त्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं, मासळी कमी झाली आणि ज्यांनी मासळी घालवली त्यांच्याच दारात गावातले तरणे पुरुष नोकरीसाठी उभे राहिले. दादूसही गेला. त्याला रंगाच्या कारखान्यातल्या दळणाच्या शेडमध्ये घेतलं. खोलीएवढं लोखंडी पिंप, त्यात पोलादी गोळे आणि दगड, आणि ते दिवसरात्र फिरतंय. मी एकदा त्याला डबा द्यायला गेले होते. शेडच्या बाहेर उभी होते, तरी तो आवाज कानाने ऐकावा लागत नव्हता, तो छातीत येत होता. आत माणसं खुणांनी बोलत होती. दादूस मात्र दर आठवड्याच्या सुट्टीला होडी काढत राहिला. मासळीपेक्षा ऐकण्यासाठीच जात असावा, असं मला आता वाटतं.

मग एक दिवस सेफ्टीसाहेब आले आणि त्यांनी शेडमधल्या सगळ्यांना काळ्या रबराची बुचं वाटली. सगळ्यांना एकाच मापाची. जशी माणसं चपला वेगवेगळ्या मापाच्या घालतात तसे कानही वेगवेगळे असतात, हे त्या खोक्याला कुणी सांगितलं नव्हतं. पांडूच्या कानातून ती गळून पडायची, म्हणून त्याने खिशात टाकली ती कायमची. बाकीच्यांनी कापूस कोंबला. दादूसच्या कानाची भोकं बारीक. बूच आत जाईना, तोंडाशीच अडे, दोन तास ठेवलं की कान ठणकून लाल व्हायचा. पण सगळ्या शेडमध्ये आपले कान ज्याला खरोखर हवे होते असा तो एकटाच होता. त्याने ती बुचं सोडली नाहीत. घरी आणून वयनीला दाखवली. वयनी म्हणजे त्याची बायको, जनाबाई. कोलंबी सोलणारे तिचे हात असे हलके, की काटा लागलेलं पोर तिच्याकडेच जायचं. तिने बूच उलटंसुलटं करून पाहिलं. त्याला चकतीसारखी एक पातळ कड होती, तीच कानाला टोचत होती. वयनीने विळीच्या टोकावर ती कड गोल, नीट, जराही वाकडी न होऊ देता कापून काढली. बूच कानात सुखाने बसलं. "आता दुखत नाय," म्हणत दादूस कितीतरी दिवस तिचं कौतुक करत होता. साहेब फेरीला यायचे, शेडच्या दारातून बघायचे, कानात काळं दिसलं की पुढे जायचे. त्याच्या कानात काळं नेहमी दिसायचं. सगळ्या शेडमध्ये तोच आज्ञाधारक... म्हणून तर त्याचा फोटो काढून नोटीस बोर्डावर लावला होता.

चार वर्षांनी मी दिवाळीला गेले तेव्हा तो माझ्या ओठांकडे बघून बोलत होता. मी विचारलं तसा मला होडीकडे घेऊन गेला. "वयनीला बोलू नको," म्हणाला. "कानान सारकी गिरनी चालूच हाय. घरी पन, झोपेत पन. वल्हं लावतो, पन मासा कंचा न् गिरनी कंची, मना समजत नाय." मी म्हटलं, मग होडी काढतोस कशाला? तर हसला. "ती वाट बगते ना." सुट्टीच्या दिवशी तो तासभर खाडीत बसून यायचा आणि येताना दुसऱ्याच्या होडीवरून मासळी विकत घेऊन टोपली भरून आणायचा. वयनी कालवण करताना शेजारणीला सांगायची, आमच्यांनी आयकून आनली.

त्याचे दिवस झाल्यावर मी आणि वयनी कारखान्यात गेलो. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि तेच वाक्य सांगितलं. आवारात येताना बुचं काढायची असतात. त्याने काढली नाहीत. हॉर्न ऐकू आला नाही. कंपनी काय करणार. माझ्या पिशवीत दादूसची बुचं होती, कपड्यांबरोबर मिळालेली. मी ती दोन्ही माझ्या कानात घातली आणि म्हटलं, "आता बोला साहेब. हळू बोला." ते गोंधळले. दाराशी कारकून शिपायाला पुटपुटला, "बाईचं डोकं फिरलंय," तेही मला स्वच्छ ऐकू आलं. मी त्यांना तसं सांगितलं. म्हटलं, पंख्याची कुरकुरसुद्धा येते आहे. चार वर्षं ज्या बुचाने तुमचं पिंप अडवलं नाही, त्याने त्या सकाळी हॉर्न तेवढा अडवला?

साहेबांनी बूच हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, लाज वाटली. तसं नव्हतं, त्यांना वाट सापडली होती. "याची कड कुणी कापली? ही कड कानाला चिकटून बसते तेव्हाच आवाज अडतो. ही कापली म्हणजे बूच फुकट. कंपनीचा माल तुम्हीच खराब केलात." मी विचारलं, हे तुम्ही त्याला कधी सांगितलं होतं? कधी त्याच्या कानाला हात लावून बघितलं होतं? ते म्हणाले, शेडच्या दारावर पत्रक लावलं होतं. पत्रक इंग्रजीत होतं. त्यांच्या टेबलावर काचेखाली एका पुठ्ठ्यावर तीन बुचं शिवून ठेवली होती, मोठं, मधलं, लहान. मी लहानावर बोट ठेवलं. "हे कुणासाठी?" "तो नमुना आहे," साहेब म्हणाले. दादूसच्या कानाचं बूच त्या शेडपासून हाकेच्या अंतरावर होतं, पाहुण्यांना दाखवायला.

मला भांडता आलं असतं. वकील गाठता आला असता. पण पहिल्याच तारखेला त्यांनी विचारलं असतं, कड कुणी कापली? आणि त्याचं उत्तर बाहेर बाकावर बसलं होतं, पदर डोक्यावर ओढून. मी बाहेर आले. वयनीने विचारलं, "काय बोल्ले?" मी म्हटलं, "माप चुकीचं होतं, म्हणाले." खोटं नव्हतं. साहेब म्हणाले नव्हते, एवढंच. आज इथे लिहितेय ते वयनीला वाचता येत नाही या भरवशावर. बोनकोड्यातल्या कुणी वर्तमानपत्राची ही पुरवणी घेऊन तिच्या ओट्यावर जाऊ नये, हात जोडून सांगते. त्या साहेबांना मात्र कुणीतरी वाचून दाखवावं, मोठ्याने.

होडी पांडूने नेली. वल्हं वयनीने दिलं नाही. ते दाराआड उभं आहे. दांड्याच्या टोकाला एक जागा झिजून तळहातासारखी मऊ झाली आहे, तिथे त्याचा कान असायचा. परवा गेले तेव्हा ती त्यावर खोबरेल चोळत होती. वर न बघता म्हणाली, "बाय, तुना तो सगलं सांगायचा. शेवटपरत त्याला आयकू येत व्हतं ना? ढोमी?"

मी म्हटलं, "येत व्हतं, वयनी."

"मना ठाव व्हतं," ती म्हणाली. "बूच मीच बसवलेलं."