बुरशीची भाऊबंदकी

मी विद्यापीठात बुरशीवर संशोधन करतो, हे घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात कुणालाच धड पटलेलं नाही. लोक बुरशी पुसून टाकतात, मी तिला जेवू घालतो. एकदा सुट्टीत प्रयोगासाठी कडबा न्यायला आलो, तर वडील म्हणाले, "कडबा कावून? तिकडं म्हैस पाळली का?" तेव्हा मी घोडचूक केली. सोपं करून सांगायला गेलो.

"दोन बुरश्या हायत, आबा. चुलतभाऊच समजा. दोघांना एकदा गूळ द्याचा, एकदा कडबा. मग कुनाच्या अंगातली कोनती जनुकं जागी व्हतात, ते बघायचं."

प्रयोगशाळेत गूळ नसतो, ग्लुकोज असतं. पण ग्लुकोज म्हटलं की आमच्याकडे लोकांना सलाईनच आठवतं.

वडिलांचा चेहरा बदलला. बांधावरच्या एका बाभळीपायी त्यांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं बोलणं बंद होतं. बाभूळ केव्हाच पडली, अबोला उभाच. "टोमने मारायला शिकीवतेत का तिथं?" म्हणाले आणि कडब्याची पेंढी माझ्यापुढे आदळून निघून गेले. मला फार वाईट वाटलं. त्या काकांच्या खांद्यावर बसून मी सिरसाळ्याचा बाजार पाहिलाय, आणि आता त्यांच्याकडे जायचं तर मागच्या दारानं, चोरासारखं.

पुढच्या सुट्टीत वडिलांनीच न राहवून विचारलं, "तुझ्या त्या चुलतभावांचं काय झालं?"

मी सांगितलं. कडब्यावर ठेवलं की दोघांची तऱ्हा वेगळी, हा काही जनुकं जागी करतो, तो भलतीच. गूळ मिळाला की मात्र दोघांचीही कडबा फोडायची जनुकं गप्प. "पन सर म्हनतात, एकदा करून प्रयोग व्हत न्हाई. परत करायचाय."

वडील बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग आत जाऊन गुळाची ढेप फडक्यात बांधून घेऊन आले.

"त्याच्याकडं देऊन ये. मी दिली म्हनू नको. प्रयोग हाय म्हन."

त्या दिवशी मी पुढच्या दारानं गेलो. काकांना सगळा प्रयोग सांगितला, सरांच्या अटीसकट. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत आमच्या घराकडे बघत राहिले.

"गोड हाय," ते म्हणाले. "पर एकदा करून प्रयोग व्हत न्हाई ना बे? दुसरी ढेप त्यालाच घिऊन याला लाव."