बिनपुढाऱ्याच्या आठ रिंगा

सिकंदराबादजवळ, विद्यानगरच्या एका मराठी शाळेत मी वर्षभर कवायत शिकवली, बदलीची शिक्षिका म्हणून. सकाळी आमच्या डाव्या संघटनेची पत्रकं वाटायची आणि दुपारी आठवीच्या मुलींना मैदानावर घ्यायचं. देश विकायला काढलाय आणि घराघरात केबल टाकून लोकांना तो तमाशा बघत बसवलंय, यावर तेव्हा आमची पत्रकं पेटलेली असत. त्यातली बरीच मीच लिहायचे. बोलतानाही माझ्या तोंडून उद्गारचिन्हंच पडायची.

स्नेहसंमेलन जवळ आलं तसं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"यंदा डान्समास्तर बोलावतेय. सिकंदराबादचे आहेत. कॅसेट, कपडे, सगळं त्यांचंच."

"मुली स्वतः बसवतील की! शाळेत कवायतीच्या मोठ्या रिंगा पडून आहेत."

"स्वतः? अगं, शेजारच्या इंग्लिश शाळेचं गॅदरिंग बघून आपले पालक पोरांची नावं काढून नेतात. रिंगा बघायला कोण येणार?"

"माणसं येतील. गिऱ्हाइकं येणार नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "भाषण नको. शनिवारी बसवून दाखव. जमलं तर कार्यक्रम तुमचा, नाहीतर मास्तरांचा."

मी तरातरा मैदानावर गेले. आठ मुली होत्या. रिंगेतून उडी कशी घ्यायची, हातावर ती कशी फिरवायची, जमिनीवर गरकन फिरवून उभी कशी ठेवायची, हे सगळं दाखवलं. पण त्यातलं काय घ्यायचं, कशानंतर काय, ते त्यांनी ठरवायचं. आमच्या संघटनेत चालायचं तसं: कुणी कुणाच्या वर नाही, प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरणार. वर्गातल्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पुढारी नको.'

"डान्समास्तर आले तर मेकप असतो ना टीचर?" एकीने विचारलं.

"तुला मेकप हवा की स्वतःचं डोकं?"

"दोन्ही," ती म्हणाली. बाकीच्या खिदळल्या.

रचना मात्र त्यांनी झकास शोधली. गोल करून आत तोंड करायचं, आपली रिंग जागेवर गरकन फिरवायची, ती फिरत असतानाच सोडून उजवीकडे सरकायचं आणि शेजारणीची रिंग पडायच्या आत धरायची. माझ्या डोक्यातही आलं नसतं. पण चारच्या आकड्याला सगळ्यांनी एकदम सरकायला हवं, आणि आकडे मोठ्याने म्हणायला मीच बंदी घातलेली. जी मोजेल ती पुढारी होईल ना! मग जी ती मनातल्या मनात मोजायची. एक मराठीत, एक तेलुगूत, एक उर्दूत. रिंगा धडाधड पडत होत्या.

"अय्यो, तू लवकर कैकू हलली?"

"मी चारला हलले. तुझं चार कधी होतं गं, संध्याकाळी?"

मी मतदान घेतलं. हळू मोजायचं की भरभर? चार विरुद्ध चार. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. गुरुवारीही रिंगा पडतच होत्या. मला कळेना, चुकतंय कुठे? आमचं तत्त्व चुकतंय की या मुली केबल बघून बघून बिघडल्यात? त्या संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. 'सामूहिकता' हा शब्द लिहिला आणि पुढे काही सुचेना.

शुक्रवारी एकही रिंग पडली नाही. आठही मुली एकदम सरकल्या, आठही रिंगा एकदम धरल्या गेल्या. कुणी मोजत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. मी आनंदाने ओरडलेच, "बघा! पुढारी लागला का?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मी मात्र पायांकडे पाहिलंच नव्हतं.

शनिवारी मोठ्या बाईंनी पाहिलं. त्यांची नजर अनुभवी.

"ती मलकपेठहून येणारी लांब वेणीवाली टाचा उचलते आणि मग सगळ्या सुटतात. हो ना?"

"हौ मॅडम," मेकपवाली म्हणाली. "आम्ही तिलाच बघतो. तिचं चार बरोबर पडतं."

म्हणजे पुढारी होती! माझ्या डोळ्यांदेखत, मला न सांगता, एकही हात वर न करता नेमलेली.

"छान आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मास्तर नकोत. पण तिला मधे उभी करा. पाहुण्यांना कळू दे, कोण चालवतंय ते."

"नक्को!" वेणीवाली घाबरून म्हणाली. "मी मधे गेले तर माझी रिंग कोण धरणार? आणि मग ह्या मला मिरवते म्हणतील."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. इथे मी काय म्हणायला हवं होतं? फळ्यावरचं वाक्य खोटं ठरलं होतं आणि खरंही.

"गोलातच राहू दे," मी म्हणाले. "मधे कुणी नको."

मोठ्या बाईंनी खांदे उडवले. कार्यक्रम आमचा झाला. मुली एकच गिल्ला करत नळाकडे पळाल्या. वेणीवाली तेवढी मागे राहिली.

"टीचर, मी पुढारी नाही ना?"

"नाहीस."

"मग काय आहे मी?"

मी रिंगा उचलायला लागले. तीही उचलू लागली, चार तिने, चार मी.